मातीची मूर्ती आणि आदर्शाचा प्रश्न

मुलांनी खेळाडूंना आणि चित्रपटतारकांना आदर्श मानावे काय, हा प्रश्न वरवर पाहता पालकांच्या चिंतेचा वाटतो. वस्तुतः अनुकरणाविषयीच्या एका फार जुन्या वादाचा तो भाग आहे. देवांना आणि वीरपुरुषांना शोकविव्हल किंवा असंयमी दाखविणारे काव्य मुलांच्या कानी पडू नये, असा आग्रह प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये धरला. याउलट, अनुकरण ही माणसाची बालपणापासूनची प्रवृत्ती असून त्याचे पहिले शिक्षण तिच्यातूनच होते, असे प्रतिपादन ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त केले. एकाला अनुकरणाचे भय वाटले. दुसऱ्याने त्यावर विश्वास ठेवला. आजचे पालकही या दोन भूमिकांमध्येच हेलकावे खात असतात.

कीर्तिमंतांची स्वतःची भूमिका येथे काय असावी? अमेरिकेतील बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली याने 1993 मध्ये, आपण कोणाचाही आदर्श नाही, ते काम आई-वडिलांचे आहे, असे जाहीर केले. विधानात तथ्य होते. परंतु ते बुटांच्या जाहिरातीतून केलेले होते. कीर्तीचे मोल घ्यावयाचे आणि तिचे दायित्व मात्र नाकारावयाचे, ही त्यातील विसंगती होय. याच्या उलट उदाहरण आपल्याकडे आहे. 2001 साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यानंतर पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात करण्यास नकार दिला. जे पेय हितकर नाही असे स्वतःला वाटते, ते इतरांच्या हाती देणे त्यांना मान्य नव्हते.

मग मुलांनी गोपीचंदांसारखेच आदर्श निवडावेत, असे म्हणून हा प्रश्न सुटतो काय? सुटत नाही, कारण दुरून दिसणाऱ्या माणसाचे चारित्र्य पारखण्याचे साधन मुलांपाशी नसते आणि आपल्यापाशीही नसते. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हान्सी क्रोनिए हा सचोटीचा पुतळा मानला जात असे. 2000 साली त्याने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली. कर्करोगावर मात करून 'टूर द फ्रान्स' ही सायकलशर्यत सात वेळा जिंकणारा लान्स आर्मस्ट्राँग असंख्य रुग्णांचे आशास्थान होता. उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे 2012 साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्याच्याकडे पाहून एखाद्या आजारी मुलाने धीर धरला असेल, तर तो धीरही खोटा ठरला काय?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे. कर्त्याच्या जीवनातील वैगुण्यामुळे कृतीचे मोल उणावते काय, याची चर्चा आपण दीर्घकाळ करीत आलो आहोत. परंतु मुलांच्या संदर्भात याहून उद्बोधक दृष्टान्त महाभारताच्या आदिपर्वात सापडतो. द्रोणांनी नाकारलेल्या एकलव्याने त्यांची मातीची मूर्ती घडविली आणि तिच्यासमोर धनुर्विद्येचा अभ्यास केला. मूर्तीने त्याला काहीही शिकविले नाही. शिकविले ते अभ्यासाने. तरीही मूर्ती निरर्थक नव्हती, कारण तिच्यामुळे त्याचे मन एका ठिकाणी स्थिर झाले. त्या मूर्तीने त्याच्याकडे कधी काही मागितले नाही. अंगठा मागितला तो प्रत्यक्ष द्रोणांनी.

मूल आपल्या मनात ज्या खेळाडूला पूजते, तोही बहुतांशी त्याने स्वतःच घडविलेली मूर्ती असतो. ती घडविण्याचा अधिकार त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. चिकाटी, संयम, निर्भयता हे गुण अमूर्त आहेत आणि मुलाला अमूर्तावर प्रेम करता येत नाही. त्याला चेहरा लागतो. जपावयाचे आहे ते गुरुदक्षिणेच्या मागणीपासून. आजची बाजारपेठ मूर्तीच्या आडून मुलाचा वेळ, पालकांचा पैसा आणि हळूहळू मुलाची स्वतंत्र अभिरुचीही मागत असते.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांना करता येण्याजोगी आहे: कीर्तीची कथा मुलांना संपूर्ण सांगावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, तेथील प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. पुढे खाशाबांनी पोलीस खात्यात नोकरी केली. 1984 साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ही कथा ऐकून 'त्यांना काय मिळाले?' असे एखादे मूल विचारील. त्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या मुलाचा आदर्श पुष्कळसा ठरेल. आणि कथा पूर्ण सांगितली असेल, तर मल्लाच्या शेजारी उभे असलेले, छायाचित्रात न दिसणारे ते प्राचार्यही त्याला दिसतील. तशी माणसे त्याच्या गावात, शाळेत, कदाचित घरातही असतात. त्यांना जवळून पारखताही येते.

म्हणून मुलाने भिंतीवर कोणाचे चित्र लावले आहे, याची फार चिंता करू नये. चित्र पाहून झाल्यावर ते धनुष्य उचलते की नुसतेच पाहत बसते, एवढे मात्र पाहावे. उद्या ते चित्र उतरवावे लागले, तरी त्याच्या हाताला लागलेली सवय त्याची स्वतःची असेल.