शेजारी बसणारा शिक्षक

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



यरुशलेमेहून गज्जाकडे उतरणाऱ्या निर्जन वाटेवरून एक रथ चालला होता. त्यात कूश देशाचा एक मोठा अधिकारी बसला होता. कांदके राणीचे सारे भांडार त्याच्या स्वाधीन होते. मान होता, धन होते, विद्याही होती. परंतु यशया संदेष्ट्याचा जो ग्रंथ तो मोठ्याने वाचीत होता, त्याचा अर्थ त्याला लागत नव्हता. समजते आहे काय, असे फिलिप्पाने विचारताच त्याने सरळ उत्तर दिले की, कोणी वाट दाखविल्याशिवाय मला कसे समजावे? मग त्याने फिलिप्पाला वर येऊन आपल्याजवळ बसण्याची विनंती केली.

हा प्रश्न आजही आपल्या कानांवर येतो. तो वस्तीतल्या पाचवीच्या मुलीचा असतो, आठवीत गणिताला घाबरून शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाचा असतो. महाविद्यालयात शिकणारे आपले अनेक मुलगे व मुली संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी अशा मुलांना शिकवावयास जातात. इंदूर असो, बडोदे असो, बंगळूर असो की नागपूर, जेथे जेथे आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहतात, तेथे तेथे या सेवेचे दार उघडे आहे. म्हणून या तरुणांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनी फिलिप्पाची ही कथा पुन्हा एकदा शिक्षकाच्या दृष्टीने वाचावी, अशी माझी विनंती आहे.

प्रथम फिलिप्प कोण होता, हे ध्यानात घ्या. यरुशलेमेच्या मंडळीत विधवांना रोजचे अन्न वाटण्यासाठी जे सात जण निवडले गेले, त्यांपैकी तो एक. पंक्तिसेवेत तयार झालेला हा माणूस देवाने रथाजवळ पाठविला. शिकविण्याची पात्रता केवळ पदवीने येत नाही. ती लहान सेवेतील विश्वासूपणाने येते.

तो धावत गेला आणि त्याने प्रथम ऐकले. अधिकारी काय वाचीत आहे हे कानांवर पडल्यानंतरच त्याने प्रश्न केला. शिकवावयास बसणाऱ्या तरुणांचा पहिला अनुभव बहुधा याच्या उलट असतो. ते सांगण्यासाठी उतावीळ असतात. मूल बावन्नांतून अडतीस वजा करते आणि उत्तर लिहिते सव्वीस. शिक्षक त्यावर फुली मारतो आणि बरोबर उत्तर चौदा असे सांगून पुढे जातो. परंतु त्याने क्षणभर थांबून, "बाळ, हे कसे केलेस, मला सांग बरे," असे विचारले, तर कळते की मुलाने मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला आहे. आठातून दोन गेले, सहा राहिले, आणि पाचातून तीन गेले, दोन राहिले. त्याने निष्काळजीपणा केलेला नाही. त्याने एक नियम पाळला आहे, फक्त तो नियम चुकीचा आहे. दशक मोडून हातचा घेणे त्याला कोणी नीट समजावून दिलेले नाही. ऐकल्याशिवाय हे कळले नसते.

मूल म्हणजे कोरी पाटी, ही समजूतही टाकून द्यावी. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा हिशेब आणि परत द्यावयाची मोड ही मुले मनातल्या मनात अचूक काढीत. पण तशीच उदाहरणे शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की बहुतेकांची गाडी अडे. देवाने त्या मुलांना बुद्धी दिलीच आहे. ती ओळखून तिच्यापासून कागदापर्यंत वाट काढणे, हे शिकविणाऱ्याचे काम आहे.

मग फिलिप्प रथात चढून त्याच्याजवळ बसला. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातील नियमाप्रमाणे अशा षंढ पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. ज्याला दूर ठेवले जाई, त्याच्याच शेजारी देवाचा सेवक बसला. आमच्या वर्गांत शिक्षक खुर्चीवर आणि मुले फरशीवर, एवढे अंतरही कधीकधी पुष्कळ होते. मुलाचे नाव लक्षात ठेवणे, त्याची वही आपल्या गुडघ्यावर घेणे, "अहो, तुमची मुलगी आज फार छान वाचली," असे तिच्या आईला दारात सांगणे, यांत शेजारी बसणे आहे.

या देशातील विद्यार्थ्यांनी हे पूर्वीही केले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ साली स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था स्थापन केली आणि १८४९ मध्ये तिच्या सभासदांनी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. दादाभाई नवरोजी त्यांच्यात होते. आपले नेहमीचे काम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, हे तरुण विनावेतन शिकवीत. घरोघर जाऊन मुलींना पाठवा म्हणून त्यांना विनवावे लागे. काहींनी आपली पडवी वापरावयास दिली, तर काहींनी जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी दिली. पुढे दानशूर माणसांनी पैसा दिला आणि त्या कामाला स्थैर्य आले. पण आरंभी पैसा नव्हता, फक्त सकाळचे काही तास होते. हे तरुण आपल्या मंडळीतले नव्हते. तरी ज्याच्यापासून प्रत्येक उत्तम देणगी येते, त्यानेच त्यांच्या ठायी ही कळकळ घातली, असे मानण्यात ख्रिस्ती माणसाला संकोच का वाटावा?

त्यानंतर, बंधुभगिनींनो, फिलिप्पाने कोठून आरंभ केला पाहा. अधिकारी जो उतारा वाचीत होता, तेथूनच. त्याने मोशेपासून क्रमाने शिकविण्याचा आग्रह धरला नाही. आज आपल्या देशात ही गोष्ट किती निकडीची आहे, हे 'असर' या पाहणीतून दिसते. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या या पाहणीत स्वयंसेवक, आणि त्यांत पुष्कळ विद्यार्थी, खेड्यांतील घरोघरी जाऊन मुलांना अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात. २०२२ आणि २०२४ या दोन्ही पाहण्यांत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली नाही. अशा मुलाला पाचवीचे पुस्तक समजावीत बसणे म्हणजे पायऱ्या नसलेला जिना दाखविणे होय. म्हणून या संस्थेने इयत्ता बाजूला ठेवून, मूल जेथे अडले असेल त्या पातळीप्रमाणे गट करून शिकविण्याची रीत चालविली आहे. मूल शब्दांवर अडले असेल तर शब्दांपासून, हातच्यावर अडले असेल तर हातच्यापासून आरंभ करावा. यात शिकविणाऱ्याच्या विद्वत्तेचा दिमाख दिसत नाही; पण मुलाला पाय ठेवावयास जागा मिळते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. फिलिप्पाने प्रभू येशूची सुवार्ता सांगितली, ती त्या अधिकाऱ्याने विचारले म्हणून आणि त्याच ग्रंथातून. जो पाढे शिकावयास आला आहे, त्याला प्रामाणिकपणे पाढेच शिकवावेत. शिकवणीला आमिष करणे हा त्या मुलाच्या गरजेचा गैरफायदा होय, आणि सत्याच्या प्रभूला तशा मदतीची जरुरी नाही. मुलाच्या आईवडिलांची संमती घ्यावी, वर्ग कोठे व किती वाजता भरतो हे त्यांना ठाऊक असावे, दार उघडे असावे आणि एकट्या मुलाबरोबर एकट्याने बसू नये. लहानग्यांना अडखळण करणाऱ्याविषयी आपला प्रभू किती कठोर बोलला, हे आपण जाणतो.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. ते पाण्यातून वर आल्यावर प्रभूच्या आत्म्याने फिलिप्पाला नेले आणि तो त्या अधिकाऱ्याला पुन्हा दिसला नाही. हे वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, "फिलिप्पही निघून गेला, मग परीक्षा आल्यावर मी जाणे थांबविले तर काय बिघडले?" प्रिय तरुणा, दोन्ही जाण्यांत फरक आहे. फिलिप्प गेला तेव्हा त्या अधिकाऱ्याचा प्रश्न सुटला होता आणि तो आनंद करीत आपल्या वाटेने चालला. अर्ध्या धड्यावर सोडून दिलेले मूल मात्र आनंद करीत जात नाही. ते वर्गाच्या वेळी दारात उभे राहते, दोन दिवस वाट पाहते, आणि तिसऱ्या दिवशी मनाशी ठरविते की माझ्यात काही अर्थ नसावा. शाळेतल्या अपयशाने जे त्याला सांगितले होते, तेच तुझ्या न येण्याने खरे ठरते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. या शिस्तीमुळे कितीतरी तरुण प्रथमच वस्तीत पाऊल टाकतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तास भरले आणि प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे मुलाचे वाचन पूर्ण झाले असे नाही. म्हणून आरंभीच खरे सांगावे. "मी जूनपासून मार्चपर्यंत दर शनिवारी येईन," हे लहान वचन पाळणे, "मी सदैव तुमच्याबरोबर आहे," या मोठ्या वचनापेक्षा बरे. ते दुसरे वचन देण्याचा अधिकार एका प्रभूलाच आहे. परीक्षेचे आठवडे आधी सांगावेत. जाताना मुलाची वही आणि त्याची प्रगती दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि मुलाचा निरोप घ्यावा.

मंडळीचे कर्तव्य येथेच येते. एकटा विद्यार्थी थकतो. पहिल्या आठवड्यात वीस मुले येतात, महिन्याने सहा उरतात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळते, कोणाला कामावर नेलेले असते. अशा वेळी त्याच्या पाठीशी कोण आहे? इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा चालविली, ती आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना वाचता यावे म्हणून. आपल्या शब्बाथ शाळेचा वंश हा आहे. उपासनेनंतर सहा दिवस कुलूप असलेली आपली खोली संध्याकाळी दोन तास उघडता येईल काय? निवृत्त झालेल्या शिक्षिकाबाई महिन्यातून एकदा या मुलामुलींजवळ बसतील काय? एक विद्यार्थी गेला तर दुसरा उभा राहील, अशी यादी वडीलमंडळाजवळ असेल काय?

फिलिप्पाला या कामाचा मोबदला मिळाल्याची नोंद नाही. त्या अधिकाऱ्याचे नावदेखील शास्त्राने दिलेले नाही. तुमच्या हाताखालून गेलेले मूल उद्या तुम्हांला ओळखणार नाही, असेही होईल. त्याचे दुःख करू नका. ते आपल्या वाटेने, स्वतः वाचीत, आनंदाने गेले, एवढे पुरे आहे.

प्रभू आपल्या तरुणांना धावत जाणारे पाय, ऐकणारे कान आणि दिलेल्या वेळी हजर राहण्याचा विश्वासूपणा देवो. आमेन.