झिरोचा बल्ब

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात, देवघरात भवानीच्या तसबिरीवर एक लाल झिरोचा बल्ब रात्रभर जळायचा. समईतलं तेल निजानीज होईपर्यंत पुरतं. पुढं देवीसमोर अंधार नको, एवढंच आईचं म्हणणं. नवरात्रात तुळजापुराहून ज्योत घेऊन पळणारी पोरं वाटेत ती विझू देत नाहीत. आईची श्रद्धा त्याच मातीतली.

घरातले 60 वॅटचे पिवळे बल्ब मागंच गेले. 2015 साली उजाला योजना आली आणि वीजबिल दाखवून 9 वॅटचे एलईडी घेतले. जुना बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट खायचा. या दिव्याला तेवढ्याला 111 तास लागतात. देवघरातल्या दिव्याकडं मात्र कुणाचं लक्षच गेलं नाही. झिरोच तो, त्याला काय लागतं?

परवा तसबीर पुसायला उतरवली, तर बल्बामागं भिंतीवर बशीएवढा तपकिरी डाग. बल्ब फडक्यात धरूनच काढावा लागला, इतका तापलेला. काहीच खात नाही, तो तापेल कसा? गार झाल्यावर उजेडात धरला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 15 वॅट.

जुन्या चकतीच्या मीटरवर एकटा तोच लावला, तर चकती हलल्याचं दिसायचं नाही, म्हणे. त्यावरून झिरो हे नाव पडलं. आताच्या मीटरला सगळं कळतं. रात्रीचे दहा तास धरले, तर महिन्याला साडेचार युनिटं. बैठकीतला 9 वॅटचा दिवा रोज पाच तास लावूनही महिन्याला दीड युनिट पुरा करत नाही.

साडेचार युनिटांचे पैसे फार नव्हेत. पण आमचा मुलूख टँकरची वाट बघणारा. मध्यरात्री नळ ठिबकल्याचा आवाज आला, तर आई झोपेतून उठून तो आवळते. ठिबकणारी वीज कानाला ऐकू येत नाही. आणि वीज, पाणी ही काही वेगळी नाहीत. 2013 च्या दुष्काळात शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाच्या विजेला वाफ लागते, वाफेला पाणी. ज्या उन्हाळ्यात आपण घागरी मोजत होतो, त्याच उन्हाळ्यात देवघरातला हा दिवा कुठल्या ना कुठल्या केंद्राचं पाणी पीत होता. हे लक्षात आलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

बाजारातून अर्ध्या वॅटचा लाल एलईडी आणला. रात्रभर लावला, तरी महिन्याला युनिटाचा सहावा-सातवा हिस्सा. देवीसमोर उजेड तर हवाच. तो मालवायचा विषय मी काढलाही नाही.

रात्री आई पाण्याला उठली. देवघरापाशी थांबली, दिव्याला बोट लावून पाहिलं.

"गारच हाय की रं हा," म्हणाली. मग ओट्यावरचा नळ चाचपून पाहिला आणि निजायला गेली.