विटा पाडणारे हात

वास्तू बांधवून घेणाऱ्याचं नाव मिरवते. बांधणाऱ्याची आठवण दुसऱ्या कुणीतरी ठेवावी लागते.

इजिप्तमध्ये थेब्जच्या डोंगरात रेखमिरे नावाच्या वजिराचं थडगं आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतीवर विटा पाडण्याचं काम रंगवलं आहे. तळ्यातून पाणी भरतात, कुदळीने चिखल कालवतात, साचा उचलतात, ओल्या विटा उन्हात मांडतात, वाळल्या की कावडीने वाहून नेतात. वजिराचं नाव थडग्यात ठळक आहे. मजुरांची ओळख बंदिवान एवढीच.

नीना डेव्हिस यांनी थेब्जच्या थडग्यांतली अशी चित्रं कागदावर जशीच्या तशी उतरवली. १९३६ साली त्यांच्या १०४ नकला पुस्तकरूपाने आल्या. वाकलेल्या पाठीची रेघ उतरवायची, तर त्या पाठीकडे बघत बसावं लागतं. मजुराला एवढा वेळ त्याच्या धन्यानेही दिला नसेल.

नक्कल अमर नसते. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बहुतेक नकला १८६६च्या आगीत लंडनला जळाल्या. १८७२पासून ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी पुन्हा त्या भिंतींसमोर बसले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५मध्ये जळाल्या. जपणं हे एकदा करून संपणारं काम नव्हे.

आपल्याकडेही वास्तू बांधवून घेणाऱ्याचंच नाव मिरवते. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा. जटपुरा दरवाजावर त्यांचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. त्या दरवाजाखालून रोज सारं शहर जातं. चिन्ह राजाचं, घाम पाथरवटाचा.

गडचिरोलीकडे कुडाची भिंत अजून दिसते. बांबूच्या तट्ट्यावर माती लिंपतात, वरून शेणाने सारवतात. सारवण वाळलं की बोटांचे अर्धगोल स्पष्ट दिसतात. ती सारवणाऱ्या बाईची सही. पुढच्या सारवणाखाली ती झाकली जाते, आणि सिमेंटची भिंत आली की कायमची जाते.

कष्टाचं चित्र काढणं म्हणजे कष्टाला मान देणं. नाव लिहिलं नाही, तर तो मान अर्धाच.

म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांना एक विनंती. चित्रकलेच्या तासाला मुलांना गावातलं चालू बांधकाम काढायला सांगा. कोण गारा कालवतं, कोण घमेलं उचलतं, कोण ओळंबा धरतं, ते नीट बघू द्या. आणि चित्राखाली त्या माणसांची नावं लिहून घ्या.