राजीखुशीने

आमचा एक माजी विद्यार्थी सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकला. दहावीपर्यंत तो आमच्या उर्दू शाळेत होता. गाव सातारा तालुक्यातले, पुणे-बंगळूर महामार्गाच्या जवळचे. सातारा-सांगलीकडची आपली मुले जमीन-जुमल्याचे शास्त्र शिकतात ते बहुधा असेच, सिव्हिलच्या पदवीतल्या मूल्यांकनाच्या विषयातून. मालमत्तेचे मोल कसे काढायचे, घसारा कसा धरायचा, भाड्यावरून किंमत कशी ठरवायची, रेडी रेकनर कसा वाचायचा, हे त्यात येते. एका रविवारी तो आमच्याकडे आला आणि त्याने वही उघडून एक व्याख्या दाखवली. बाजारमूल्य म्हणजे राजी असलेला विकणारा आणि राजी असलेला घेणारा, दोघांनाही पुरती माहिती असताना आणि कुणावरही दबाव नसताना, ज्या रकमेला तयार होतील ती रक्कम.

"सर, यात एक जरी गोष्ट नसली तर ती किंमत धरायची नाही, असं आम्हाला शिकवतात," तो म्हणाला. मग त्याने एका फेरफाराची नक्कल काढली.

गोष्ट अशी की शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका खऱ्या मालमत्तेचे मूल्यांकन करून द्यायचे होते. त्याने घरचीच जमीन घेतली. सात-बारा काढला, आठ-अ काढला, जुने फेरफार काढले. आजोबा १९९७ साली वारले. वारस म्हणून तीन नावे लागली, त्याचे अब्बा आणि दोन फुफी. पुढच्याच वर्षी दोघींची नावे कमी झाली. शेरा असा की बहिणींनी आपला हक्क 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' भावाच्या लाभात सोडला आहे.

दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. आजी आधीच गेली होती. आमच्या वर्गात हे गणित पाचवी-सहावीच्या अपूर्णांकाचे आहे. भावाचे दोन हिस्से, बहिणींचा एकेक, म्हणजे एकूण चार. भावाचे चाळीस गुंठे, प्रत्येक बहिणीचे वीस. त्यातले पंधरा गुंठे अब्बांनी २०१८ साली विकले. मुलाची कॉलेजची फी त्यातूनच भरली गेली.

आणि चार वर्षे तो सांगलीत राहिला तो थोरल्या फुफीच्याच घरी.

हे सांगताना त्याचा आवाज बसला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा तो फुफीबरोबर माळ्यावर होता. खाली तिचा शिलाईचा संसार भिजत होता आणि ती याची पुस्तके वर चढवत होती. पुढे वर्गात पूररेषा शिकवल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फुफीचे घर निळ्या रेषेच्या आत निघाले. प्रत्येक पुरानंतर त्या घराचे मोल उतरते, आणि तिने सोडलेल्या वीस गुंठ्यांचे मोल महामार्गामुळे दरवर्षी चढते. हे दोन्ही हिशोब एकाच मुलाने एकाच वहीत मांडले होते. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले, असेही त्याने सांगितले.

त्याचा प्रश्न सरळ होता. "गुन्हा मी केला नाही. सही घेतली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण शिकलो मी. मग देणं कुणाचं?"

आम्ही गणिताचे शिक्षक, मुफ्तीही नाही आणि वकीलही नाही. पहिल्यांदा आम्ही कायद्याकडेच पळालो, हे कबूल केले पाहिजे. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, असे आम्ही म्हणालो. तो हसला. "सर, सूरह निसामध्ये शेतजमीन वगळलेली आहे का?" नाही. तिथे तर थोडे असो वा जास्त, स्त्रीचा हिस्सा ठरलेला आहे, आणि हिस्से सांगून झाल्यावर या अल्लाहने घातलेल्या मर्यादा आहेत असे बजावले आहे. नमाजेच्या रकातींवरून भांडणारे आपण या मर्यादेपाशी आलो की एकदम समजूतदार होतो आणि रिवाजाचे नाव घेतो.

हा रिवाज एकट्या आपला नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. तरी काही शे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्रे होतातच. तिकडे भाऊबीज तुटेल ही भीती, इकडे ईदला कुणी न्यायला येणार नाही ही. बहिणीला घाबरवायला दोन्ही घरांत माहेरच पुरते.

इथेच ती व्याख्या आम्हाला अडवते. फुफी राजी होती का? तिने 'नाही' म्हटले असते तर ती त्या घरची बहीण राहिली असती का? नसेल, तर तिच्या 'हो'चे वजन किती? माहिती तिला पुरती होती का? वीस गुंठे हा आकडा तरी तिला कुणी सांगितला होता? आपल्या फिक्हमध्ये तखारुज नावाची सोय आहे. वारस काही ठरावीक वस्तू किंवा रक्कम घेऊन वाटणीतून बाहेर पडू शकतो. पण तिथे काय घेतले ते ठरलेले असते. फुफीने काय घेतले? तिला विचाराल तर ती म्हणेल, माहेर घेतले. उघडा दरवाजा आणि बाळंतपणाचा एक आधार घेतला. पण माहेर तर तिचे होतेच. जे तिचेच होते ते तिला परत विकले गेले, वीस गुंठ्यांना.

उलट बाजूही आम्ही स्वतःपाशी मांडून पाहिली. एखादी बाई खरेच मनापासून देत असेल. भावाची ओढाताण तिने पाहिलेली असेल. तिच्या प्रत्येक देण्याला अज्ञान किंवा दबाव म्हणणे हाही एक गर्वच आहे. बाईला स्वतःची बुद्धी नाही, असे त्यात नकळत म्हटले जाते. हे खरे आहे. पण मनापासून दिलेले आहे की नाही, हे कळण्याचा एकच मार्ग आम्हाला दिसतो. आधी तिचा हिस्सा तिच्या नावावर, तिच्या ताब्यात द्यावा. मग तिने दिला तर ती देणगी. हातात न आलेली वस्तू कुणी कशी देऊन टाकावी?

मुलाच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले ते असे. गुन्हा तुझा नाही, पण वस्तू तुझ्याकडे आली आहे. पुरात वाहून आलेले भांडे अंगणात सापडले तर ते आपण चोरलेले नसते. पण शेजारणीचे आहे हे कळल्यावर ते चुलीवर ठेवता येत नाही. जमीन तर अजून अब्बांच्या नावावर आहे. ती तुला वाटता येणार नाही. पण फीचा पैसा त्या पंधरा गुंठ्यांतून आला, आणि त्यात चौथा भाग त्या फुफीचा होता. तेवढे मोजता येते. मोजणे तुला शिकवलेच आहे.

तो २०२२ मध्ये पदवीधर झाला आणि पुण्यात एका बांधकाम व्यावसायिकाकडे लागला. काम काय, तर जमिनीचे जुने कागद तपासणे. तीस वर्षांचा शोध घ्यायचा आणि कुठे एखाद्या बहिणीचे नाव नोंदणीकृत दस्ताशिवाय कमी झाले आहे का ते बघायचे. असे सापडले की त्या बहिणीला गाठून नव्याने सही घ्यायची, कारण नुसत्या फेरफाराने मालकी ठरत नाही आणि पुढे दावा लागला तर प्रकल्प अडकतो. तो म्हणतो, "सर, बिल्डर त्या बहिणींना शोधत जिल्हा-जिल्हा फिरतो. भाऊ शेजारच्या गावी जात नाही." पगारातून तो दरमहा थोरल्या फुफीला काही पाठवतो आणि वहीत लिहून ठेवतो. पहिल्या वेळी फुफी रागावली. "खाल्लेल्या भाकरीचे पैसे देतोस काय?" तेव्हा त्याने तिला फेरफाराची नक्कल वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, आणि मग तिने विचारले, "धाकटीला सांगितलंस का?" अब्बा त्याच्याशी अजून नीट बोलत नाहीत.

हे सगळे लिहायला आम्हाला वेळ लागला, कारण असाच एक कागद आमच्याही घरी आहे. वालिद गेल्यानंतर २०११ साली बहिणीच्या सासरी तो घेऊन गेलो होतो तो आम्हीच. चहा झाला, तिने सही केली. कागदात काय आहे हे तिने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. हा लेख अर्धा झाला त्या रात्री तिला फोन केला. कागदाचे नाव काढताच ती घाबरली. "घरी सगळं ठीक आहे ना?" ठीक आहे, म्हटले. तुझा हिस्सा किती होता ते तुला माहीत असावे, एवढेच. थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "येताना तो कागद घेऊन ये, भाईजान. तेव्हा वाचला नव्हता."