मामांचे प्रश्न

मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले तेव्हा जेमतेम पस्तिशीचे होते. पेन्शनवर घर चालेना, म्हणून यशवंतपूरला आले आणि आता एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतात. बेंगळुरूतल्या लष्करी खुणा दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीला मी त्यांना बळेच नेलं.

पहिला मुक्काम शेजारच्या मल्लेश्वरमचा, काडु मल्लेश्वर मंदिराचा. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचा 1669 चा शिलालेख तिथे आहे. माझी छाती फुगली. वाटाड्याने मग शांतपणे 1791 सांगितलं. टिपूवरच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेसोबतच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला होता. मी मान खाली घातली. मामांनी विचारलं, “त्यांना पगार होता का?” नव्हता. पेंढारी लुटीवरच जगायचे. लुटीचं पाप त्याने धुतलं जात नाही, पण ज्यांनी बिनपगारी माणसं मोहिमेत चालवून घेतली त्यांच्यापर्यंत ते पोचतं. इतिहासाची इतकी पुस्तकं वाचूनही मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

यशवंतपूरच्या पलीकडे जालहळ्ळीत दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैदी ठेवलेले होते. त्याच युद्धात, 10 जुलै 1944 रोजी, रायगडातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत पडले. तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या बसमध्ये ही हकीकत मामांनीच सांगितली, एकही शब्द न अडखळता. मग जालहळ्ळीच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “ह्या कैद्यांना घरची पत्रं मिळत होती का?”

अशा सहलींत माजी सैनिकाला शेवटी पुढे बोलावतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. मला वाटतं, त्याला सकाळपासून वाटाड्याच्या बरोबरीने बसवावं. वाटाड्याला सनावळी ठाऊक असते. पगार, पत्र, पाणी, बुटांतला चिखल यांबद्दल विचारणारा माणूस वेगळा असतो, आणि तो आपल्याच गेटवर रात्री जागा असतो.

संध्याकाळी राष्ट्रीय सैनिक स्मारकात पंचाहत्तर फुटी अखंड वीरगळापाशी सगळे फोटोसाठी थांबले. मामा नावं कोरलेल्या भिंतींकडे गेले. बोट फिरवत, ओठांतल्या ओठांत वाचत, बराच वेळ. एका नावापाशी बोट थांबलं. खिशातला रुमाल काढून त्यांनी तेवढीच ओळ पुसली.

“ह्याचा मग माझ्याकडंच राहिलाय,” ते म्हणाले. “निळा, कडेला टवका उडालेला. ह्याच्या घरी नेऊन द्यायचा होता. तुझी मामी रोज त्यातच तुळशीला पाणी घालते.”