दोन ‘आहे’

आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाचा भाव आणि पोरीचं शिक्षण या दोन गोष्टी कोणीही कोणालाही विचारू शकतो. पुतणी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश शिकते, असं सांगितलं की तुमसरातला माणूस हमखास विचारतो, ‘‘ते कायले?’’ या ‘कायले’ला उत्तरं देऊन दमलो आणि एकदा राईस मिलवाल्याला ‘‘काँप्युटर शिकते,’’ असं ठोकून दिलं. तो तृप्त झाला. मीही झालो. कोणाचं काय बिघडलं?

दिवाळीत हे पुतणीला कळलं. ती रागावली नाही; शिकवायला बसली. (हे अधिक वाईट.) ‘‘काका, स्पॅनिशमध्ये ‘आहे’ला दोन शब्द. माणूस मुळात जो असतो त्याला ‘सेर’, सध्या ज्या अवस्थेत असतो त्याला ‘एस्तार’.’’ मेलेला माणूससुद्धा तिकडे ‘एस्तार’मध्येच मोडतो म्हणे!

मी खूश. म्हणजे माझा खोटेपणाही तात्पुरताच! पण रात्री झोप येईना. मिलवाल्याचं निमित्त होतं. ‘कायले’ हा प्रश्न खरा माझ्याच पोटात होता. पोरीची लाज मला वाटत होती. ही लाज कोणत्या ‘आहे’तली?

सकाळी मिलवाल्याचा निरोप आला, ‘‘मिलचा काँप्युटर बंद पडला, पोरीले जरा पाठवा.’’ पुतणी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मीच चपला घातल्या. मिल दहा मिनिटांवर. तेवढ्यात ‘कायले’चं उत्तर सुचायला हवं होतं.