उद्या या



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादा जुना रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा रेकॉर्डप्लेअर पडून असेल. टाकवत नाही आणि वाजतही नाही. आमच्या घरी एचएमव्हीचा, सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्डप्लेअर आहे. वडिलांनी १९७०च्या दशकात बोनसच्या पैशांतून तो घेतला. रविवारी मिस्साहून आल्यावर आई स्वयंपाकाला लागायची आणि वडील रेकॉर्ड लावायचे. कधी आल्फ्रेड रोज यांची कोंकणी गाणी, कधी लता मंगेशकरांची भावगीते. वडील आता नाहीत. आई ८८ वर्षांची आहे. त्या यंत्राला ती अजून ‘पेटी’च म्हणते.

गेल्या वर्षी मे महिन्यात पेटीचा सूर बिघडला. गाणे मध्येच संथ व्हायचे आणि मागे सतत घरघर ऐकू यायची. कारण वयाचे होते. थाळी फिरवणारे रबरी चाक कालांतराने कडक होते आणि वेग स्थिर राहत नाही. आतले कपॅसिटर सुकले की घरघर सुरू होते. मी पेटी बाजारपेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदार माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. एके काळी अर्ध्या गावाचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी तीनशे रुपये आगाऊ घेतले आणि म्हणाले, “आठ दिवसांनी या.” पावती त्यांनी दिली नाही, मीही मागितली नाही.

आठ दिवसांनी गेलो, तर “उद्या या.” पाऊस सुरू झाला, गणपती आले, नाताळ झाला, उपवासकाळ सरला. दर वेळी चहा विचारायचे आणि दर वेळी “उद्या या” म्हणायचे. सुरुवातीला आई दर रविवारी विचारायची, “काय रे, पेटी आली का?” ईस्टरनंतर तिने विचारणे सोडले. तिचे ते गप्प राहणे मला दुकानदाराच्या शंभर ‘उद्यां’पेक्षा जड गेले.

मित्रांनी दोन प्रकारचे सल्ले दिले. एक म्हणाला, “भर बाजारात चार शब्द सुनव, दुसऱ्या दिवशी पेटी घरी येईल.” दुसरा म्हणाला, “जुनी पेटी ती, सोडून दे. आपण ख्रिस्ती माणसे, क्षमा करावी.” पहिला सल्ला मला पटला नाही. दुसरा ऐकायला बरा वाटला, पण मनात एक प्रश्न राहिला. काय घडले हे ठाऊक नसताना मी नेमकी कशाची क्षमा करणार होतो? भांडण टाळण्यासाठी गप्प बसणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पुष्कळदा पहिलीला दुसरीचे नाव देतो.

दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असणे ही जबाबदारी किती मोठी आहे, हे आपल्या देशाचा कायदाही सांगतो. १८७२च्या भारतीय करार कायद्यात अशा ताब्याला निक्षेप म्हटले आहे. वस्तू सांभाळणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतक्याच काळजीने सांभाळायची आणि ठरलेली मुदत संपताच, मागणीची वाट न पाहता परत करायची. दुरुस्ती करणाऱ्यालाही हक्क आहे. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. मात्र त्यासाठी काम केलेले असावे लागते.

पवित्र शास्त्रात निर्गमच्या २२व्या अध्यायात हाच विषय आहे. शेजाऱ्याने सांभाळायला दिलेले जनावर श्वापदाने फाडले आणि त्याचा पुरावा आणून दाखवला, तर भरपाई नाही. पण ठेव नाहीशी झाली आणि चोर सापडला नाही, तर ती सांभाळणाऱ्याने देवासमोर उभे राहायचे. तिथे त्याला एकच गोष्ट विचारली जाते : शेजाऱ्याच्या वस्तूला तू स्वतः हात लावलास का? वस्तूचे नुकसान कुणाच्याही हातून होऊ शकते. आपल्या ताब्यात आहे म्हणून ती आपलीच समजून वापरणे हा वेगळा दोष आहे.

शेवटी मी मत्तयच्या १८व्या अध्यायातली वाट धरली. भावाचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांगावा, ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यावे, आणि त्यानंतर मंडळीपुढे मांडावे. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना दुकानात गेलो आणि म्हणालो, “दादा, पेटी दुरुस्त झाली नसली तरी चालेल. खरे काय ते सांगा.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रबरी चाक मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडलाही माणूस पाठवला होता. कपॅसिटर बदललेत मी.” आणि मान खाली घालून म्हणाले, “तुमचे कार्ट्रिज डिसेंबरात दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशिनला लावले. तो फार मागे लागला होता. म्हटले, तुमचे नंतर बघू.”

सुईला धरून ठेवणारा आणि रेकॉर्डवरच्या कंपनांपासून विजेचा संदेश तयार करणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. जुन्या यंत्रांतल्या अनेक कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि उष्णतेने व दमटपणाने तो खराब होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत पन्नास वर्षे टिकलेले कार्ट्रिज दुर्मीळच म्हणायचे. म्हणूनच त्यांचा हात तिथे गेला.

मी विचारले, “मग मला सांगितले का नाही?” ते म्हणाले, “नाही म्हणायची लाज वाटली. चाळीस वर्षांत कुणाला नाही म्हटले नव्हते.”

सुटे भाग मिळत नाहीत, हा त्यांचा दोष नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ सुरू केले, युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम केले. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या पेटीला त्याचा काय उपयोग? चाक न मिळणे हे श्वापदाने जनावर फाडण्यासारखे होते. कार्ट्रिज काढणे तसे नव्हते, आणि चौदा महिने “उद्या या” म्हणणेही नव्हते. पहिल्याच महिन्यात ते “जमणार नाही” म्हणाले असते, तर मी दुसरीकडे गेलो असतो आणि आईचे कान आजच्याइतके मंदावले नसते.

आम्ही तिथेच बसून हिशोब केला. त्यांनी पेटी आणि आगाऊ रक्कम परत दिली. बदललेल्या कपॅसिटरचे पैसे मी त्यातून वजा करायला लावले, कारण ते काम झाले होते. कार्ट्रिजची किंमत दोन हप्त्यांत देण्याचे त्यांनी कागदावर लिहून दिले. राग मी सोडला, पण भरपाई सोडली नाही. जक्कयाच्या घरी प्रभू जेवायला गेले, तेव्हा फसवून घेतलेले चौपट परत करण्याची गोष्ट जक्कयानेच काढली आणि प्रभूंनी त्याला थांबवले नाही. माणसाला देणे फेडू देणे हाही त्याचा मान राखणेच आहे.

घरी येताना आणखी एक गोष्ट मनात आली, आणि खरे तर तीच सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो. मी पस्तीस वर्षे एका कचेरीत कारकून होतो. लांजा, राजापूर, संगमेश्वरहून माणसे पहाटेची एसटी धरून, दिवसाची मजुरी बुडवून यायची. फाईल सापडत नसली, की मी “उद्या या” म्हणायचो. सापडत नाही हे सांगायची मला लाज वाटायची आणि शोधायचा कंटाळा यायचा. त्या फायली माझ्या नव्हत्या. त्या माणसांनी त्या विश्वासाने माझ्याकडे सोपवल्या होत्या. त्यांच्याही घरी कुणीतरी “काम झाले का?” असे विचारत असेल, आणि पुढे तेही विचारायचे थांबले असेल. त्या माणसांचा हिशोब मी आता कसा चुकता करू?

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. वस्तू दुरुस्तीला देताना तारखेसह पावती घ्या. अविश्वास म्हणून नव्हे, दोघांनाही आठवण राहावी म्हणून. “जमत नसेल तर खुशाल सांगा” असे आपणच आधी म्हणा, म्हणजे समोरच्याला नकार देणे सोपे जाईल. अडले तर आधी एकट्याने बोला, मग कुणाला तरी सोबत न्या. तरीही न्याय मिळाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यात गैर काही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आणि या आठवड्यात आपल्या घरात, कपाटात, टेबलाच्या खणात दुसऱ्याचे काही राहिले आहे का, तेही पाहा. असेल तर परत करा. करता येत नसेल, तर जाऊन तसे सांगा.

पेटी घरी आली आहे. अजून वाजत नाही. चाकाला नवे रबर चढवून देणारा कुणी मिळतो का, ते पाहतो आहे. आईला मात्र मी ‘उद्या’ म्हटलेले नाही. “कधी होईल ते मला ठाऊक नाही,” असे सांगितले. ती म्हणाली, “बरे केलेस, सांगितलेस ते.”